पाणकोंबड्याचा निळा डबा

धक्क्यावर त्याला सगळे पाणकोंबडा म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, नाही असं नाही, पण ते फक्त बँकेत आणि दवाखान्यात लागायचं, आणि तिथे कुणी पुकारलं तर हा आपला दुसऱ्याच कुणाला तरी बोलावतायत असं समजून बाकावर बसून राहायचा. पाण्यातून वर आला की डोक्यावरचे केस तुऱ्यासारखे उभे राहायचे, म्हणून पाणकोंबडा. आणि कोंबडाच होता तो! स्वतः आरवल्याशिवाय दिवस उजाडला असं त्याला वाटायचंच नाही. गिऱ्हाईक धक्क्याच्या पायऱ्या उतरायच्या आत ह्याचं सुरू, "या साहेब, या वहिनी! पोहता येत नाही? मग तर उत्तमच! ज्यांना येतं ते नुसते पोहत सुटतात, बघत कुणीच नाही!"

धंदा असा, की सुट्टीवर आलेल्या जोडप्यांना होडीत घालून प्रवाळाच्या पट्ट्यावर न्यायचं, डोळ्यांना चष्मा, तोंडात नळी आणि पायांत रबरी पंख चढवायचे आणि हात धरून पाण्यावर पालथं तरंगवायचं. होडीत बसल्यापासून भांडणारी जोडपी असायची. हॉटेलच्या खोलीवरून, उन्हावरून, एकमेकांच्या आईवरून. पाण्यात डोकं घातलं की चिडीचूप. मग वर आल्यावर नळी काढून पहिला शब्द कोणता निघतो, तिकडे पाणकोंबड्याचे कान लागलेले असायचे. "बाई गं!" निघालं की ह्याची छाती अशी फुगायची, की जणू त्यानेच रात्रभर जागून ते खालचं सगळं रंगवलंय. कुणाला तंबाखूचं व्यसन असतं, कुणाला पत्त्यांचं. ह्याला ह्या 'बाई गं'चं होतं.

चष्म्यांचं काम बायकोकडे. धक्क्याच्या तोंडाशी पत्र्याची टपरी, आत खिळ्यांना टांगलेले चष्मे, बाहेर दोन टब. तिला सगळे चष्मेवाली म्हणायचे. माणसाचा चेहरा बघूनच ती चष्मा काढायची. "नाकाने श्वास ओढा. आता हात सोडा. चिकटून राहिला? झालं तर मग, हा तुमचा." मिशीवाल्यांचा चष्मा गळतो, म्हणून त्यांना मिशीवर चोळायला व्हॅसलिन द्यायची आणि वर म्हणायची, "नाहीतर वस्तरा आहे आत, बोला!" काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळावी लागते. नव्या नवऱ्या लाजायच्या. "अगं थुंक गं बाई," ती म्हणायची, "लग्न झालंय ना? तो आता पळून थोडाच जातोय!"

संध्याकाळी परत आलेले चष्मे साबणाच्या पाण्यात बुडवायचे, मग गोड्या पाण्यात, मग दोरीवर. हात टबात असायचे आणि कान गिऱ्हाइकांकडे. ओल्या केसांनी ती माणसं एकमेकांना सांगत असायची, तो पोपटमासा बघितलास का, खडक कसा कराकरा चावत होता, ऐकू येत होतं मला! आणि ते जांभळं झुडूप? आणि ती इवलीशी शेंदरी मासोळी, घरातून अर्धी बाहेर येऊन माझ्यावर डोळे वटारत होती! चष्मेवालीला सगळं ठाऊक होतं. कुठला मासा कुठल्या कपारीत राहतो, कोण भित्रा, कोण भांडखोर. खाली मात्र तिने जन्मात एकदाही डोकं घातलेलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता ह्यात नवऱ्याचा दुष्टावा होता म्हणावं तर तसंही नव्हतं. मोसमात टपरी सोडता यायची नाही. मोसम संपला की समुद्र खवळायचा आणि पाणी असं गढूळ व्हायचं की स्वतःचा हात दिसू नये. मधे बाळंतपणं झाली, पोरं मोठी होऊन आपापल्या वाटेने गेली, मग सासूने अंथरूण धरलं. दर वर्षी ती म्हणायची, "अहो, एकदा मला न्या ना." आणि दर वर्षी हा म्हणायचा, "पुढच्या मोसमात. नक्की." म्हणताना त्याला ते मनापासून खरंच वाटायचं, हीच तर गोची. तिने आपली तयारी करून ठेवली होती. लाल पट्ट्याचा एक चष्मा तिने स्वतःच्या चेहऱ्याला नीट बसवून घेतला होता आणि तो वेगळ्या खिळ्याला टांगला होता. भाड्याने द्यायचा नाही. कुणी बोट दाखवलं तर म्हणायची, "तो बुक आहे."

मग पाणी तापायला लागलं. एका उन्हाळ्यात समुद्र इतका कोमट झाला की पोरंसोरं खूश झाली, आणि बघता बघता खालचं प्रवाळ पांढरंफटक पडलं. पहिले काही दिवस गिऱ्हाइकांना ते आवडलंसुद्धा. बर्फ पडल्यासारखं दिसतं म्हणाली. मग त्या पांढऱ्यावर मातकट शेवाळाची बुरशी चढली आणि मासे निघून गेले. धक्क्यावरचे लोक एकमेकांना धीर देत राहिले, येईल परत, निसर्ग आहे, येईल. पुढच्या उन्हाळ्यात पाणी पुन्हा तापलं. काही आलं नाही परत. आता गिऱ्हाइकं नळी काढायची आणि म्हणायची, "हेच का ते?" पाणकोंबड्याला तो प्रश्न मुस्कटात बसल्यासारखा लागायचा. तो विनोद करायचा, आणखी मोठ्याने आरवायचा. बोलून बोलून किती बोलणार?

एकदा त्याच्या इंजिनाने भर समुद्रात मान टाकली आणि प्रवाहाने होडी पट्ट्याच्या पार बाहेरच्या टोकाला नेली. तिथे खडकात एक खिंड होती आणि तिच्यातून खोलवरचं गार पाणी आत यायचं. अंगाला गारवा लागला म्हणून त्याने सहज खाली डोकं घातलं, आणि वर येऊन तो स्वतःच म्हणाला, "बाई गं!" एका मोठ्या अंगणाएवढी जागा जिवंत होती. जांभळी झुडपं, पिवळ्या थाळ्या, शेंदरी मासोळ्या, सगळं जिथल्या तिथे. आजूबाजूला मसणवटा आणि मधे ही बाग.

घरी येऊन त्याने दार लावून घेतलं आणि बायकोला सांगितलं. ती तोंडावर हात ठेवून ऐकत राहिली.

"कुणाला सांगू नका," ती म्हणाली. "टकल्याला तर मुळीच नाही." टकल्या म्हणजे शेजारचा होडीवाला.

"छे गं! ती बाग तुझी. मोसमाच्या शेवटच्या आठवड्यात टपरी बंद ठेवू. तुला नेतो."

"पुढच्या मोसमात ना?"

"ह्याच! तुझ्या गळ्याची शपथ."

आणि खरोखर, ह्या वेळी तो कामाला लागला. बागेवर नांगर टाकला तर सगळं मोडणार, म्हणून त्याने बाजूच्या वाळूत एक जड दगड बुडवला आणि त्याला दोर बांधला. होडी लावायची तर बुडी मारून दोराचं टोक वर आणायचं आणि त्याला तरंगता डबा अडकवायचा. निघताना डबा सोडवायचा की दोर पुन्हा तळाला. वरून कुणाला काही दिसायचं नाही. डबा सोडवायलाच लागायचा, कारण धक्क्यावर प्रत्येकाच्या डब्याचा रंग ठरलेला. निळा डबा म्हणजे पाणकोंबड्याचा. आणि पाणकोंबडा जिथे डबा बांधतो तिथे काहीतरी खास असतंच, हे त्याने स्वतःच बढाया मारमारून सगळ्यांच्या डोक्यात भरवलेलं.

शेवटचा आठवडा चारपाच दिवसांवर आला, तेव्हा एक जोडपं धक्क्यावर उतरलं. नवरा घड्याळं दुरुस्त करणारा, मान कायमची पुढे झुकलेली. बायको अंगाने भरलेली, गुडघे दुखरे, हातात पिशवी घट्ट धरून. चष्मेवालीने एक चष्मा लावून बघितला, दुसरा, तिसरा. कुठलाच चिकटेना. तिच्या नाकाची ठेवणच तशी.

"राहू दे हो ताई," ती घड्याळवाली बाई म्हणाली. "मी बसते होडीत. जन्मभर काठावरच बसलेय, आज काय नवीन!"

हे ऐकलं आणि चष्मेवालीचा हात आपोआप लाल पट्ट्याकडे गेला. एकदा मागे आला, पुन्हा गेला. तो चष्मा त्या बाईला असा बसला की जणू मापानेच केलेला. "जपून वापरा," चष्मेवाली म्हणाली. "माझा आहे."

पट्ट्यावर पोचल्यावर पाणकोंबड्याने दोघांना पाण्यात उतरवलं. बाई भीतीने त्याच्या दंडाला घोरपडीसारखी चिकटलेली. धीर करून तिने एकदाचं खाली बघितलं. बराच वेळ बघितलं. वर येऊन नळी काढली आणि हळूच, तक्रार न करता विचारलं, "हेच का ते?"

घड्याळवाला होडीची कड धरून तरंगत होता. तो पाणकोंबड्याला म्हणाला, "चूक माझीच आहे. लग्न झालं तेव्हा हिला कबूल केलं होतं, समुद्राखालची बाग दाखवीन म्हणून. पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत बसलो. आधीच आणायला हवं होतं."

अहो, एवढं कानात कुणी ओरडून सांगितल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? होडी फिरवावी, धक्क्यावर यावं, स्वतःच्या बायकोला हाताला धरून उठवावं! पण शहाणपण वेळेवर येतं कुणाला? ह्याच्या डोळ्यांत पाणी आलं ते खरं. आणि ह्या वेड्याने काय केलं, तर त्या दोघांना होडीत ओढून घेतलं, इंजिन चालू केलं आणि थेट बाहेरचं टोक गाठलं. आपलं वचन राहिलं बाजूला, दुसऱ्याचं वचन पाळायला निघाला!

तिथे त्याने बुडी मारली, दोर वर आणला, निळा डबा बांधला. बाईला पोहता येत नव्हतं, म्हणून होडी जरा लांब ठेवून त्याने तिचे हात डब्यावर ठेवले. "हा धरून ठेवा वहिनी, आणि बघा आता."

तिने डोकं घातलं. नळीतूनच असा चीत्कार निघाला की पाणकोंबडा घाबरलाच. मग ती वर आली, हसत होती आणि रडतही होती. "बाई गं! बाई गं! अहो, बघा ना, बघा ना!" घड्याळवाल्याने बघितलं आणि त्याची झुकलेली मान चक्क ताठ झाली. होडीत चढल्यावर बाईने पाणकोंबड्याचे दोन्ही हात धरले. "दादा, तुम्ही देवमाणूस आहात." घड्याळवाल्याने फोटो काढले. इकडून काढले, तिकडून काढले, पाणकोंबड्याला मधे उभं करून काढले. कितीतरी दिवसांनी ऐकलेलं 'बाई गं' डोक्यात चढलं होतं. हरभऱ्याच्या झाडावर चढलेल्या माणसाला खालचं दिसत नाही. तो गाणं गुणगुणत इंजिनाची दोरी ओढून निघाला, आणि मागे निळा डबा पाण्यावर डुलत राहिला.

धक्क्यावर घड्याळवाली बाई चष्मेवालीच्या गळ्यातच पडली. "ताई, काय तुमच्या चष्म्याचा पायगुण! अहो, जांभळं, पिवळं! आणि शेंदरी मासोळ्यांचं तर नुसतं गोकुळ!"

चष्मेवालीचे हात टबातच थांबले. पट्ट्यावर आता जांभळं काही उरलेलं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. "पाणी कसं होतं?" तिने विचारलं.

"गार हो, छान गार!"

"हो का," ती म्हणाली आणि लाल पट्टा धुवायला घेतला.

घरी दोघं चहा घेऊन बसली. चोराच्या मनात चांदणं, तसा हा भलतंच काहीबाही बोलत होता. वाऱ्याचं, इंजिनाचं, टकल्याच्या सुनेचं.

"तिला आधी दाखवलंत," ती मधेच म्हणाली.

"अगं, बिचारी इतक्या लांबून आली होती. गुडघे दुखतात तिचे."

"हं. बिचारी." तिने कप खाली ठेवला. तिचेही गुडघे दुखायचे, पण ते ती बोलली नाही. मग म्हणाली, "डबा सोडवलात ना?"

पाणकोंबड्याच्या तोंडचा घोट तोंडातच राहिला. तो तसाच उठला आणि धक्क्याकडे धावत सुटला. पण बाहेर वारा पडायचं नाव घेईना, उलट चढला होता. लाटा धक्क्याच्या वरच्या पायरीला लागत होत्या. त्याने होडीचा दोर सोडला तसा टकल्याने त्याला मागून मिठी मारून धरलं. "मरायचंय का? काय एवढं विसरलंय समुद्रात?" ह्यावर काय सांगणार? सांगितलं तर बाग गेली, नाही सांगितलं तरी डबा तिथे आहेच.

वारा दोन दिवस हटला नाही. हॉटेलांतली जोडपी खोल्यांमध्ये बसून कंटाळली, चिडली. तिसऱ्या दिवशी समुद्र शांत झाला आणि सगळ्या होड्या एकदमच बाहेर पडल्या. पाणकोंबडा सगळ्यांच्या आधी पाण्यात होता, पण त्याचं ते म्हातारं इंजिन! भिजलेलं, खोकलं, थुंकलं आणि बंद पडलं. तो दोरी ओढत राहिला, शिव्या देत राहिला, मग हात जोडत राहिला. इंजिन लागेपर्यंत बाकीच्या होड्या पुढे निघून गेल्या होत्या.

बाहेरच्या टोकाला पोचला तेव्हा निळ्या डब्याभोवती होड्यांची जत्रा भरली होती.

"अरे लबाडा!" टकल्या लांबूनच ओरडला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आनंदच होता. "एकटाच खात होतास होय! डबा दिसला म्हणून कळलं!"

"नांगर टाकू नका!" पाणकोंबडा उभा राहून किंचाळला. "अरे, नांगर टाकू नका रे!"

पण नांगर टाकून झाले होते. लाटेबरोबर होड्या मागेपुढे होत होत्या आणि खाली लोखंड ओढलं जात होतं. चष्मे लावलेली माणसं दमली की पिवळ्या थाळ्यांवर पाय देऊन उभी राहत होती. हसत होती. 'बाई गं, बाई गं' चहूकडून ऐकू येत होतं. पाणकोंबड्याने कुणाची गचांडी धरावी? ह्या सगळ्यांनाही 'हेच का ते' ऐकून ऐकून वीट आला होता. त्यांच्याही घरी चुली होत्या. टकल्याच्या जागी तो स्वतः असता तर त्यानेही नांगर टाकलाच असता. तो होडीत खाली बसला आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

त्यानंतर रोज होड्या तिथे जात राहिल्या. तो गेला नाही. मोडलेल्या जागी बुरशी धरायला फार दिवस लागत नाहीत.

मोसमाच्या शेवटच्या दिवशी चष्मेवालीने टपरीचं दार ओढलं, कुलूप लावलं आणि लाल पट्ट्याचा चष्मा हातात घेऊन होडीजवळ येऊन उभी राहिली.

"चला," ती म्हणाली.

"अगं, आता काय राहिलंय तिथे?"

"ते मी बघते. शपथ घेतलीत ना?"

त्याने इंजिनाची दोरी ओढली. नव्या नवरीसारखी साडी आवरून ती होडीच्या मधोमध बसली होती, एक हात कडेवर घट्ट. पोचल्यावर तिने साडी सोडून आतले पोहायचे कपडे नीट केले. ते तिने कधी घेतले होते, त्याला ठाऊकच नव्हतं. काचेच्या आत थुंकून तिने बोटाने चोळलं, चष्मा लावला, नाकाने श्वास ओढून बघितला. नेहमी दुसऱ्यांना सांगायची ते सगळं तिने क्रमाने केलं. मग त्याचा हात धरून पाण्यात उतरली आणि निळ्या डब्याला धरून राहिली. आता तो डबा सोडवायचं कुणाच्या मनातही येत नव्हतं.

तिने खाली डोकं घातलं. तिच्याबरोबर त्यानेही घातलं. झुडपांची मोडकी लाकडं पडली होती, एकावर एक, पांढरी आणि मातकट. थाळ्या उलट्यापालट्या झालेल्या. वाळूतून नांगरांचे लांब ओरखडे गेलेले. कुणाचा तरी एक रबरी पंख दगडात अडकून हलत होता. एक शेंदरी मासोळी एकाच जागी घुटमळत होती, जिथे बहुतेक तिचं घर असावं. चष्मेवालीने तिच्याकडे बोट केलं. तिला ती ओळखत होती, ऐकून ऐकून.

बऱ्याच वेळाने ती वर आली. नळी काढली. जन्मभर पाणकोंबडा गिऱ्हाइकांच्या पहिल्या शब्दासाठी कान टवकारत आला होता. आज त्याला वाटलं, हिने काही म्हणजे काही बोलू नये.

"सगळ्यांना हेच दाखवत होतात?" तिने विचारलं.

"नाही गं."

"मग मलाच का हे?"

तिने रागाने विचारलं नाही. रागाने विचारलं असतं तर त्याला काहीतरी सुचलं असतं, त्याने गयावया केली असती, स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली असती. तिला खरंच कळत नव्हतं, आणि आपल्या नवऱ्याला सगळं येतं म्हणून ती त्याला विचारत होती. तो डब्याच्या दोराची गाठ चाचपत राहिला.

तिने थोडी वाट बघितली. मग चष्मा उतरवला, आतलं पाणी ओतून टाकलं आणि होडीच्या कडेवरून हात लांबवून भाड्याच्या चष्म्यांच्या टोपलीत, सगळ्यांबरोबर टाकला.

"पुढच्या मोसमापासून हाही देऊन टाकू भाड्याने," ती म्हणाली.